बेचाळीसातून सतरा

(द्वितीय वर्ष, कला)

‘मी शिक्षक झाले तर...’ हा निबंध मी सातवीत असताना लिहिला होता आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. त्यात मी मुलांवर आईसारखे प्रेम करणार होते, छडी चुलीत घालणार होते आणि दर शनिवारी मुलांना झाडाखाली बसवून गोष्टी सांगणार होते. साने गुरुजींचे नाव अर्थातच होते. वर्गातल्या बहुतेकांनी हेच लिहिले असणार, कारण मुद्दे फळ्यावरच लिहून दिलेले होते.

आता खरोखरच शिक्षिका व्हायचे मी ठरवले आहे, आणि तेही प्राथमिक शाळेत. ह्यावर मैत्रिणी हसतात. प्राथमिकला शिकवायचे तर डी. एल. एड. लागते, आणि ते बारावीनंतरच करता येते. बी. एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्र ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. म्हणजे पदवी घेऊन पुन्हा बारावीच्या मुलींबरोबर बसायचे, पुढे पात्रता परीक्षा द्यायची आणि मग भरतीच्या जाहिरातीची वाट पाहायची! घरात ह्यातले कोणालाच काही ठाऊक नाही. अण्णा तालुक्याच्या बाजार समितीत हमाल आहेत, आई रोजाने खुरपायला जाते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे “कशाला मास्तरीण व्हायचंय तुला?” ह्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाच शोधावे लागते. त्यासाठी सातवीतला निबंध आठवून पाहिला, तर त्यात उत्तर नाही. त्यात नुसते प्रेम आहे. प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नुसत्या प्रेमावर शिकवता येते ह्यावरचा माझा विश्वास गेल्या हिवाळ्यात उडाला. कसा, ते सांगते.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. सकाळी बंधाऱ्यावर श्रमदान आणि संध्याकाळी वस्तीवरच्या मुलांचा अभ्यास. अभ्यासाचे काम आम्हा चौघींकडे आले. माझ्या वाट्याला दुसरी ते चौथीची अकरा मुले आली. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत समाजमंदिराच्या ओट्यावर उभी राहिले आणि म्हणाले, “लिहा, पंचवीस.” एका मुलीने पाटीवर ५२ लिहिले. मी गोड हसले (निबंधातल्यासारखी!), तिच्या पाठीवर हात फिरवला, ‘असे नाही, असे’ म्हणून २५ लिहून दाखवले आणि दहा वेळा गिरवायला लावले. तिने मुकाट्याने गिरवले.

दुसऱ्या दिवशी मी सांगितले, “अडतीस.” तिने लिहिले ८३. “त्रेचाळीस” म्हटले, तर ३४. मी पुन्हा पाठीवरून हात फिरवणार, तोच माझ्या लक्षात आले की ही मुलगी मनाला येईल ते लिहीत नाही. तिच्या चुकांमध्ये एक शिस्त आहे. अडतीस ह्या शब्दात कानावर आधी ‘अड’ पडते, म्हणजे आठ. मग ‘तीस’ येते. त्रेचाळीसमध्ये आधी तीन, मग चाळीस. ती जसे ऐकत होती तसेच, त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे लिहीत होती. शब्दाच्या आतले तीन आणि आठ तिने बिनचूक ओळखले होते. माझ्या समोर बसलेल्या अकरा जणांत सर्वांत कान देऊन ऐकणारी मुलगी तीच होती, आणि तिलाच मी दहा वेळा गिरवायला लावले होते.

आपण मोठे झालो की हा घोटाळा दिसेनासा होतो. मराठीत दोन अंकी संख्येचे नाव एककाकडून दशकाकडे जाते, आणि लिहिताना मात्र दशक आधी, एकक नंतर. हिंदीतही असेच आहे. तिकडे दूर जर्मन भाषेतही पंचवीसला ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतात. उलट इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही आधी ‘इप्पत्तु’, म्हणजे वीस, आणि त्याला जोडून पाच. त्या मुलांना बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच मिळतो. आपल्या मुलांना तो उलटा करून घ्यावा लागतो.

एवढ्यावरही भागत नाही. ‘तीन’ हा साधा अंक घ्या. तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. एकच तीन, पण तो कुठे ते होतो, कुठे तेह, कुठे त्रे, तर कुठे त्र्या. पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते आणि छप्पन्नमध्ये ‘प्पन्न’. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एकोणतीस. ‘ऊन’ म्हणजे कमी. तीसाला एक कमी ते एकोणतीस. हे संस्कृत व्याकरण दुसरीतल्या पोराला कोण सांगणार? माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकोणतीसला ३१ लिहिले. विचारले तर म्हणाला, “एक आन् तीस.” त्याच्यापुढे एकतीस आणि एकोणतीस हे एकाच संख्येचे उच्चार होते, एक घाईचा आणि एक सावकाशीचा. बरे, नियम शिकवावा तर तोही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत ठीक चालते, पण नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ कोणी म्हणत नाही.

हे सगळे लिहिताना २०१९ सालची गोष्ट आठवणे साहजिक आहे. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस ह्या नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, मोबाइलवर विनोद फिरले, विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर आपली बाजू शांतपणे मांडत राहिल्या. जोडाक्षरे आणि उलटा क्रम ह्यांमुळे लहान मुले अडखळतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये त्या वारल्या. माझ्यापुरते सांगायचे तर ‘वीस पाच’ माझ्या कानाला आजही रुचत नाही, आणि बाजार समितीत कोणी ‘तीस आठ पोती’ म्हणाले तर अण्णा त्याच्याकडे बघतच राहतील. मुलांना पंचवीस, अडतीस यायलाच हवेत. पण त्या वेळी थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीतल्या एखाद्या मुलापुढे बसून त्याला अडतीस लिहायला सांगितले होते? पुस्तकातला उपाय चुकला असेल असे घटकाभर धरू. पण ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण खरी आहे. मी ती पाटीवर पाहिली आहे.

मी स्वतः काय केले ते सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसतीच टीका व्हायची. शिवारात तुरीच्या वाळक्या काड्या भरपूर होत्या. मुलांकडून त्यांचे बोट-बोटभर तुकडे करवून घेतले आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या सुतळीने बांधल्या. ‘अडतीस’ म्हटले की लिहायचे नाही. आधी काड्या उचलायच्या. आठ सुट्या, तीन जुड्या. कोणतेही आधी उचला. पण मांडताना जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. मग जसे मांडले तसे लिहायचे. त्या मुलीला मी हेही सांगितले, “तू ऐकतेस अगदी बरोबर. फक्त आपल्या भाषेत बोलायचा एक क्रम आहे आणि लिहायचा दुसरा.” ती म्हणाली, “मग काल का न्हाई सांगितलं?” ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चौथ्या दिवशी तिसरी-चौथीच्या मुलांना वजाबाकी दिली. ४२ मधून १७. अकरांपैकी आठ जण ह्या गटातले. त्यातल्या एकाला बरोबर आले. पाच जणांचे उत्तर ३५ आले. पाच जणांनी एकमेकांचे पाहून लिहिले असावे म्हणून मी त्यांना लांब-लांब बसवले आणि ६१ वजा २८ दिले. पाचही जणांचे ४७! (खरे उत्तर ३३.) मग एकाला जवळ बसवून मोठ्याने वजाबाकी करायला सांगितली. तो म्हणाला, “दोनातनं सात जात न्हाईत. मग सातातनं दोन. र्‍हायले पाच. चारातनं एक, र्‍हायले तीन. पस्तीस.” असे का, म्हणून विचारल्यावर त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. “मोठ्यातनं ल्हान काढायचं आस्तं की.”

आता हा नियम त्याने कुठून आणला? शाळेतूनच. पहिलीत वजाबाकी सुरू होते तेव्हा सगळेच शिक्षक सांगतात की मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. सांगताना त्यांच्या मनात पूर्ण संख्या असते. मूल ती सूचना एकेका अंकाला लावते. दोन वर्षे त्याचे उत्तर बरोबर येते, कारण तोवर हातचा घ्यायची वेळच येत नाही. मग एके दिवशी ती येते, आणि दोन वर्षे शाबासकी मिळवून देणारा नियम एकाएकी फुली खायला लागतो. मूल गोंधळणार नाही तर काय होईल? ‘दशकाकडून एक उसना घेतला’ असे सांगून पाहिले, तर एकाने विचारले, “परत कवा द्यायचा?” सगळे हसले, मीही हसले. पण रात्री शिबिराच्या सतरंजीवर पडल्यावर वाटले, प्रश्न काही वेडगळ नाही. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी जुन्या पद्धतीने वजाबाकी करतात तेव्हा उसना खरोखरच परत देतात! बारातून सात गेले पाच. हातचा एक खालच्या एकात मिळवला, झाले दोन. चारातून दोन गेले दोन. पंचवीस. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवला, म्हणजे दोन्हींत दहाच वाढले. त्यामुळे फरक तोच राहिला. मी दहावीपर्यंत गणित केले, पण ह्या दोन रीतींचा मेळ मला त्या पोराच्या प्रश्नामुळे लागला.

शिबिर संपवून घरी आले आणि आईला म्हटले, जुन्या वह्या कुठे आहेत? आमच्याकडे जुन्या वह्या चूल पेटवायला ठेवतात. पोत्याच्या तळाशी माझ्या धाकट्या भावाची तिसरीतली गणिताची वही निघाली. कशासाठी शोधत होते ते मला नीट सांगता आले नसते. पण एका पानावर दहा वजाबाक्या होत्या. ५८ वजा २४, ७६ वजा ४३, ९७ वजा ५२, ह्या तीन बरोबर. बाकी सात चूक. ४२ वजा १७ बरोबर ३५. ६१ वजा २८ बरोबर ४७. ५३ वजा २९ बरोबर ३६. ८० वजा ३६ बरोबर ५६. सातही ठिकाणी तोच एक नियम, कुठेही न घसरता. पानावर तांबड्या शाईची एक मोठी फुली होती आणि खाली दोन शब्द: ‘लक्ष नाही’.

तो प्रसंग मला ठाऊक होता. मी त्याच शाळेत पाचवीत होते. भावाला कोणी मारले नाही. त्याची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यात आली, एवढेच. “बेचाळीसातून सतरा गेले किती? पस्तीस!” वर्ग हसला. तेव्हापासून मुले त्याला ‘पस्तीस’ म्हणू लागली. पुढे पास व्हायलाही पस्तीसच गुण लागतात हे मुलांना कळले आणि त्या नावाला आणखी धार आली. तो गणिताच्या तासाला मागे बसू लागला, मग शाळेला जायचे टाळू लागला. आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलला गेला, नववीत नापास झाला आणि म्हणाला, “मला हिशोब येत न्हाई, मी शिकत न्हाई.” आता तो अण्णांबरोबर बाजारात असतो; डाळिंबाच्या क्रेटची मोजदाद करतो. अण्णा सांगतात, त्याच्या मोजण्यात एका क्रेटचाही फरक पडत नाही.

हिशोब येत नाही म्हणून शाळा सोडलेला मुलगा दिवसभर हिशोबच करतो, ह्याचे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. मानसशास्त्राच्या सरांपाशी बोलले तेव्हा त्यांनी ब्राझील देशातल्या एका अभ्यासाची माहिती दिली. टेरेझिन्हा न्यून्स, डेव्हिड कॅरहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन ह्या संशोधकांनी रेसिफे शहरात, रस्त्यावर फळे-नारळ विकणाऱ्या पाच मुलांची परीक्षा घेतली. आधी गिऱ्हाईक बनून बाजारात प्रश्न विचारले, पुढे तशीच गणिते कागदावर दिली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात मुलांची १०० पैकी ९८ उत्तरे बरोबर आली. कागदावर नुसत्या आकड्यांचे गणित मांडले तेव्हा ३७च्या आसपास. एका मुलाला ३५ क्रुझेरोंचा एक, असे दहा नारळ मागितले. त्याने ३५पुढे शून्य दिले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, मग ३१५, आणि राहिलेल्या एकाचे धरून ३५०, असे तो चढत गेला. शाळेच्या मते ही रीतच नव्हे! पण उत्तर बरोबर आहे आणि पैसे चुकत नाहीत. आमचे अण्णाही अंगठाबहाद्दर असून ‘तीन विसा आन् पाच’ अशी पोती मोजतात. गणित त्यांच्याजवळ आहे. ते फळ्यावरच्या रीतीने मांडलेले नाही, इतकेच.

तेव्हा शिकवण्याविषयीचे माझे तत्त्वज्ञान म्हणा (एवढा मोठा शब्द वापरायचाच तर), ते इतकेच आहे की मुलाचे चुकलेले उत्तर पुसण्याआधी ते वाचायचे. त्याला विचारायचे, ‘हे तू कसे केलेस?’ आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचे. बरोबर उत्तरावरून मला फारसे काही कळत नाही. ते पाठ केलेले असू शकते, शेजारचे पाहिलेले असू शकते. चुकलेले उत्तर बहुधा मुलाचे स्वतःचे असते.

हा विचार मी शोधून काढला असे मात्र मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे आपण परीक्षेत लिहितोच. त्याच निवेदनात शिक्षकांबद्दलही लिहिलेले आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगर धरायची त्यांना लाज वाटू नये, खालच्या थरातल्या लोकांत त्यांना मिसळता यावे आणि त्यांच्या गरजा कळाव्यात, असे जोतीरावांचे म्हणणे होते. हे वाचून आधी मी मनातून सुखावले, कारण ह्या कसोटीला मी जन्मानेच उतरते! पण लगेच आठवले की हमालाची मुलगी असूनही पहिल्या दिवशी मीच त्या पोरीला दहा वेळा गिरवायला लावले होते. कॉलेजच्या दोन वर्षांत मीही फळ्याच्या बाजूने पाहायला शिकले होते. घर आठवणे हे आपोआप होत नाही.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तर गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. ‘ह्या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही’ असे म्हणून दोघी स्वस्थ बसू शकल्या असत्या. त्यांनी मुले का येत नाहीत ते पाहिले आणि बालवाडीच वाड्यावस्त्यांवरच्या अंगणात नेली. आज गावोगाव आपण जो ‘अंगणवाडी’ शब्द वापरतो तो तिथला आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. तिथल्या वारली मुलांना दिवसा गुरे राखावी लागत, म्हणून शाळा कुरणावर गेली. मूल गैरहजर असणे हे त्यांनी चुकलेल्या उत्तरासारखेच वाचले, असे मला वाटते.

हे सगळे मी आमच्या एका सरांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, “चांगले आहे, पण तुझ्यापुढे तीस मुले असतील, चार इयत्ता असतील, पोषण आहाराची नोंद असेल, निवडणुकीचे काम असेल. प्रत्येकाची चूक केव्हा वाचत बसणार?” हा आक्षेप खरा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, आणि द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात, हे मी त्या वस्तीवरच पाहिले आहे. माझे अर्धेमुर्धे उत्तर असे, की मुले तीस असली तरी चुकांचे प्रकार तीस नसतात. माझ्या आठ मुलांपैकी पाच जणांची चूक एकच होती. एकाला फक्त शून्याची भीती होती. ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच’ ह्या न्यायाने त्याने ८० वजा ३६ बरोबर ५० केले. पाच जणांना एकत्र बसवून जुड्या सोडायला लावल्या, तेव्हा तासाभरात चौघांना जमले. आणि आठवी एक मुलगी होती. तिचे उत्तर दरवेळी निराळे येई, ती कशी करते ते सांगतही नसे. तिचे मला शेवटपर्यंत कळले नाही. सात दिवस संपले आणि आमची गाडी आली.

त्याच कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे, हे सर्वांना माहीत असते. मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. वर्गाचे हसणे कोणत्या रकान्यात धरायचे?

भाषेबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकरावीत प्रवेश घेतला तेव्हा मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी माझी नक्कल केली. त्यानंतर सहा महिने मी वर्गात बोललेच नाही म्हटले तरी चालेल. वस्तीवरची मुलेही ‘पानी’च लिहितात, जशी अडतीसला ८३ लिहितात, ऐकतात तसे. मी त्यांना ‘पाणी’ लिहायला शिकवीन, कारण परीक्षेला आणि नोकरीच्या अर्जाला तेच चालते, आणि ते त्यांना न देणे म्हणजे त्यांची फसवणूक होईल. पण त्यांच्या आईच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणणार नाही. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या हे मला अजून नीट उमगलेले नाही. आपल्या मराठीच्या प्राध्यापकांनी ह्यावर कधी लिहावे.

असो. भावाची गोष्ट अर्धी राहिली आहे. मागच्या महिन्यात एका रात्री तो बाजारातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा मी वही त्याच्यापुढे उघडी करून ठेवली. त्याने आधी तांबडी फुली पाहिली आणि ताट बाजूला सारले. मी म्हणाले, “थांब. गाडीत बेचाळीस क्रेट आल्या, सतरा उतरवल्या. राहिल्या किती?”

“पंचवीस,” तो म्हणाला. मी शेवटचा शब्द उच्चारण्याआधीच म्हणाला.

“कसे?”

“सतराला तीन घातलं की वीस. विसाला बावीस घातलं की बेचाळीस. तीन आन् बावीस, पंचवीस.”

“मग इथे पस्तीस का लिहिलेस?”

त्याने वही दिव्याखाली धरली. बराच वेळ एकेका वजाबाकीवर बोट ठेवत तो खाली गेला. सातव्या चुकीपाशी थांबला. “समद्यात उलटं केलंय,” तो म्हणाला. “खालच्यातनं वरचं काढलंय.” मग जरा थांबून, “हितं क्रेट न्हवत्या ना. हितं नुस्तं आकडं व्हतं.”

मी काही बोलले नाही. त्याने ताट पुन्हा पुढे ओढले.

“तपासणाराला कळलं नसंल व्हय,” त्याने विचारले, “मी आसं करतोय ते?”

“नसेल कळले,” मी म्हणाले.

आई भाकरी थापत होती. तिने विचारले, आता ही वही चुलीला घेऊ का? तो जेवता जेवता म्हणाला, “राहू दे.”